कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे: त्यात काय दिसतं, काय दिसत नाही आणि रिपोर्टकडे कसं बघायचं

मोठ्या जातीचं पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं की काही घरांत हळूहळू लक्षात यायला लागतं की हा बसल्यावर उठताना वेळ लावतोय, जिना चढायला कुरकुर करतोय, पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत जातोय. मग व्हेट म्हणतात एक्स-रे काढून बघू, एक्स-रे निघतो, रिपोर्टवर 'हिप डिस्प्लेसिया' असं लिहून येतं आणि घरातल्या सगळ्यांचं धाबं दणाणतं. आता याचं काय होणार, ऑपरेशन लागणार का, हा चालेल का नाही पुढे. मी हे सगळं सविस्तर लिहितोय कारण या टप्प्यावर लोक फार घाबरतात किंवा मग पूर्ण दुर्लक्ष तरी करतात, आणि दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मने नक्की कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलंय हे त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. आणि प्रश्न एकच नसतो. सांधा सैल आहे का, सांध्यात झीज सुरू झालीय का, कुत्रा लंगडतोय तो खुब्यामुळेच का, आणि याच्यापासून पिल्लं घ्यावीत का, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि एका फोटोत चारही सुटत नाहीत.

आधी सांधा थोडक्यात. खुबा म्हणजे उखळीचा सांधा, मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट खोबणीत बसतं. गोळा आणि खोबण दोघांवर गुळगुळीत कूर्चा असते, आतून एक छोटं लिगामेंट गोळ्याला खोबणीशी बांधून ठेवतं आणि बाहेरून सांध्याची पिशवी आणि भोवतालचे स्नायू सगळं आवळून धरतात. डिस्प्लेसिया होणारी पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे खुबे साधारण ठीकच असतात. नंतरच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सांधा सैल पडत जातो, गोळा खोबणीत घट्ट बसण्याऐवजी प्रत्येक पावलाला थोडा बाहेर सरकतो आणि परत आत आदळतो, आणि त्या वयात हाडं अजून मऊ आणि वाढती असल्यामुळे खोबणीची कड घासून उथळ होते, गोळा चपटा होतो, कूर्चा खराब होते, आणि मग शरीर तो सांधा स्थिर करायला आजूबाजूला जास्तीचं हाड घालायला लागतं, त्यालाच आपण आर्थ्रायटिस म्हणतो. म्हणजे क्रम असा आहे की आधी सैलपणा, मग आकार बिघडणं, मग झीज. हा क्रम डोक्यात पक्का असला की पुढची अर्धी गोष्ट आपोआप कळते. कुत्र्यांमधला हा आजार पहिल्यांदा १९३५ मध्ये अमेरिकेत श्नेल नावाच्या पशुवैद्याने नोंदवला. तेव्हापासून त्याच्याबद्दल आपल्याला जे कळलंय त्यात एक्स-रेचा वाटा फार मोठा आहे.

पण एक्स-रेच्या आधी हात. चांगला व्हेट कुत्र्याला आधी चालवून बघतो, मग उभं असताना मागून मांड्यांचे स्नायू चाचपतो, एका बाजूची मांडी बारीक झालीय का बघतो, गुडघा तपासतो, पाठीचा खालचा भाग दाबून बघतो, आणि खुबा मागे ताणल्यावर कुत्रा वळून बघतो का, अंग आक्रसतो का हे बघतो. शिवाय ऑर्टोलानी टेस्ट नावाची एक तपासणी आहे, मूळची माणसांच्या तान्ह्या बाळांसाठीची. यात मांडीचं हाड वरच्या दिशेने दाबून गोळा खोबणीतून थोडा बाहेर सरकवायचा आणि मग पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला फाकवायचा. सांधा सैल असेल तर एका विशिष्ट कोनात गोळा 'टक्' करून परत आत बसतो, तो हाताला स्पष्ट जाणवतो आणि कधीकधी ऐकूही येतो. हे गुंगीत करावं लागतं, जागा कुत्रा स्नायू इतके ताठ धरतो की सैल सांधाही घट्ट वाटतो. आणि एक लक्षात घ्या, जुन्या रोगट सांध्यात ही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, कारण तोपर्यंत पिशवी जाड झालेली असते आणि खोबणीची कड इतकी झिजलेली असते की टक् व्हायला काही उरलेलंच नसतं. त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्यात 'ऑर्टोलानी निगेटिव्ह' म्हणजे खुबे चांगले असं अजिबात नाही.

फोटो कसा काढतात, आणि तो नीट काढलाय हे तुम्हाला कसं कळेल

सगळ्यात जास्त काढला जाणारा फोटो म्हणजे उताणं झोपवून, मागचे दोन्ही पाय सरळ मागे ताणून काढलेला. कुत्र्याला पाठीवर झोपवतात, छाती एका खाचेच्या गादीत ठेवतात म्हणजे अंग इकडे तिकडे कलंडत नाही, दोन्ही पाय एकमेकांना समांतर असे मागे ओढतात, आणि मग दोन्ही मांड्या किंचित आतल्या बाजूला वळवतात जेणेकरून दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या हाडाच्या बरोबर मधोमध येतील. ऐकायला सोपं आहे पण पस्तीस-चाळीस किलोचा कुत्रा, त्यातून खुबे दुखणारा, असा जागेपणी कधीच झोपणार नाही. म्हणून गुंगी किंवा भूल लागतेच. 'आमचा कुत्रा शांत आहे, भूल नको' असं म्हणणारे बरेच असतात आणि त्यांची काळजी मला समजते, पण भूल न देता काढलेल्या फोटोत दोन तोटे आहेत, एकतर त्याला दुखतं, आणि दुसरं म्हणजे पोझिशन वाकडी येते आणि तसा फोटो परत काढावा लागतो किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या वाकड्या फोटोवरूनच निदान होतं. शिवाय माणसांनी कुत्रा धरून उभं राहायची गरज उरत नाही, म्हणजे त्यांच्या अंगावर विनाकारण रेडिएशन जात नाही.

आता हा भाग जरा सावकाश वाचा, कारण हे तुम्ही स्वतः घरी स्क्रीनवर बघू शकता. फोटो उघडा आणि खुब्याकडे लगेच बघू नका. आधी कमरेच्या हाडात खालच्या बाजूला दोन अंडाकृती काळी भोकं दिसतील, डावं आणि उजवं. ती दोन्ही सारख्या आकाराची दिसतायत का? मग वरती दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरलेली हाडं, त्यांची रुंदी सारखी आहे का? मग खाली या, दोन्ही मांडीची हाडं एकमेकांना समांतर आहेत का आणि गुडघ्याच्या वाट्या मधोमध आहेत का. हे चारही जुळलं तर फोटो सरळ आहे. एक भोक मोठं आणि एक बारीक दिसत असेल तर कुत्रा एका कुशीवर थोडा कललेला होता, आणि मग काय होतं की एका बाजूचा खुबा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि दुसऱ्या बाजूचा आहे त्यापेक्षा वाईट. 'डावा खुबा बराच खराब आहे, उजवा ठीक आहे' असं सांगितलेलं असताना कललेला फोटो समोर असेल तर व्हेटना अगदी सरळ विचारा की पोझिशनमुळे तर नाही ना. याच्यात कोणाचा अपमान नाही, चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. आणखी एक, फोटोत डावं-उजवं दाखवणारी खूण आणि कुत्र्याची ओळख, म्हणजे नाव किंवा मायक्रोचिपचा नंबर, फोटो घेतानाच आलेली असायला हवी, सर्टिफिकेटसाठी पाठवायचा असेल तर हे लागतंच.

आता खुब्याकडे या. पहिली गोष्ट, गोळा खोबणीत किती आत आहे. खोबणीची वरची कड गोळ्यावरून जाणारी एक रेघ म्हणून दिसते, आणि साधारण हिशोब असा की गोळ्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग त्या कडेच्या आत झाकलेला असला पाहिजे. दुसरी, गोळा आणि खोबण यांच्यातली काळी फट. चांगल्या सांध्यात ती एकसारख्या जाडीची, बारीक, गोळ्याला समांतर वळलेली असते. गोळा बाहेर सरकलेला असेल तर ती फट आतल्या बाजूला रुंद होत जाते, पाचरीसारखी दिसते. ही फट म्हणजे मोकळी जागा नाही हं, तिथे कूर्चा आहे, पण कूर्चा एक्स-रेवर दिसतच नाही त्यामुळे आपल्याला ती काळी दिसते. तिसरं, नॉर्बर्ग अँगल. दोन्ही गोळ्यांच्या मध्यबिंदूंना जोडणारी एक रेघ ओढायची आणि मग प्रत्येक गोळ्याच्या मध्यातून खोबणीच्या पुढच्या कडेपर्यंत दुसरी रेघ, यांच्यातला कोन साधारण १०५ अंश किंवा जास्त असेल तर चांगलं समजतात. कोन कमी झाला म्हणजे गोळा बाहेर सरकलाय किंवा खोबण उथळ आहे किंवा दोन्ही. पण सगळ्या जातींना हा एकच आकडा लावता येत नाही, काही जातींत चांगल्या खुब्याचाही कोन थोडा कमी भरतो.

आणि चौथी गोष्ट म्हणजे झिजेच्या खुणा, या ओळखायला नजर लागते. गोळ्याच्या खालचा जो बारीक भाग, ज्याला हाडाची मान म्हणतात, ती जाड आणि ओबडधोबड व्हायला लागते. गोळ्याच्या कडेने हाडाची कॉलर तयार होते. आणि सगळ्यात आधी दिसणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे मानेवर उभी पडलेली एक पांढरी बारीक रेघ, मॉर्गन लाइन म्हणतात तिला, जिथे सांध्याची पिशवी हाडाला चिकटते तिथे ताण पडून हाड वाढतं त्याची ती रेघ. ती सहज नजरेतून सुटते, आणि लहान वयाच्या कुत्र्यांत तशीच दिसणारी पण आखूड आणि पुसट रेघ असू शकते जी पुढे निघून जाते, त्यामुळे एकट्या रेघेवरून कोणी लगेच निकाल लावू नये. मालकांना घाबरवणाऱ्या दोन गोष्टी मात्र अगदी नॉर्मल असतात. गोळ्यावर एका ठिकाणी छोटासा सपाट खड्डा दिसतो, तिथे आतलं लिगामेंट चिकटलेलं असतं, तो प्रत्येक कुत्र्यात असतो. आणि पिल्लाच्या फोटोत हाडांमध्ये काळ्या रेषा दिसतात, त्या फ्रॅक्चर नसून वाढीच्या प्लेट्स असतात.

मग या फोटोत सुटतं काय?

सुटतो तो नेमका सैलपणा, जिथून सगळं सुरू होतं. पाय मागे ताणून आत वळवले की सांध्याची पिशवी ओला टॉवेल पिळावा तशी पिळली जाते, आणि पिळलेली पिशवी गोळ्याला आत ओढून घेते. म्हणजे ज्या पोझिशनमध्ये आपण सैलपणा शोधतोय तीच पोझिशन सैलपणा झाकते. त्यामुळे एखाद्या वर्षभराच्या कुत्र्याचा फोटो सुंदर दिसतो आणि तोच कुत्रा पाच-सहा वर्षांचा झाला की आर्थ्रायटिस घेऊन येतो, आणि मालक म्हणतात आधी तर नॉर्मल सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोललेला नसतो, त्या फोटोत खरंच दिसत नव्हतं.

ही अडचण ओळखून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गेल स्मिथ यांनी १९८० च्या दशकात वेगळी पद्धत बसवली, ती पेनहिप या नावाने ओळखली जाते. यात तीन फोटो काढतात. एक नेहमीचा पाय ताणलेला, तो झीज बघायला. दुसऱ्या दोन फोटोंमध्ये पाय साधारण उभं राहिल्यावर असतात तशा नैसर्गिक कोनात ठेवतात म्हणजे पिशवीला पीळच बसत नाही, आणि एकात गोळे आत दाबून धरतात, दुसऱ्यात दोन मांड्यांच्या मध्ये एक खास उपकरण ठेवून पाय हलक्या जोराने आत दाबतात, त्यामुळे गोळे जितके बाहेर येऊ शकतात तितके बाहेर येतात. मग फोटोवर दोन वर्तुळं काढतात, एक गोळ्याचं आणि एक खोबणीचं, दोघांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजतात आणि त्याला गोळ्याच्या त्रिज्येने भागतात. येणाऱ्या आकड्याला डिस्ट्रॅक्शन इंडेक्स म्हणतात. ० म्हणजे गोळा जराही हलत नाही, १ म्हणजे जवळजवळ पूर्ण निसटतो. ०.३० किंवा त्याहून कमी असेल तर त्या कुत्र्याला डिस्प्लेसियामुळे आर्थ्रायटिस व्हायची शक्यता फारच कमी, आणि आकडा जसजसा वर जातो तसतशी शक्यता वाढते, किती वाढते ते जातीवरही अवलंबून असतं. नेहमीच्या फोटोवर नॉर्मल ठरलेल्या कुत्र्यांमध्येसुद्धा बऱ्याच जणांचा इंडेक्स ०.३० च्या वर निघतो, म्हणून मला ही पद्धत महत्त्वाची वाटते, खास करून ब्रीडिंगसाठी.

याचा मोठा फायदा वयाचा आहे. १६ आठवड्यांच्या पिल्लातसुद्धा हे करता येतं, म्हणजे झीज सुरू व्हायच्या आधी. तोटा असा की गाढ गुंगी किंवा भूल लागते, आणि ट्रेनिंग घेऊन सर्टिफाय झालेला व्हेटच हे फोटो काढू शकतो, त्यामुळे सगळीकडे मिळत नाही. आणि इंडेक्स जास्त आला म्हणजे आर्थ्रायटिस शंभर टक्के होणारच असंही नाही, तो धोक्याचा आकडा आहे.

ग्रेड आणि स्कोअर

सर्टिफिकेटचे तीन मोठे प्रकार ऐकायला मिळतात, पटकन सांगतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ साली सुरू झाली, तिथे तीन रेडिओलॉजिस्ट एकमेकांना न विचारता फोटो बघतात आणि सात ग्रेड असतात, एक्सलंट, गुड, फेअर हे तीन नॉर्मल, मग बॉर्डरलाइन, आणि मग माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. पक्का ग्रेड २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळतो, त्याआधीचा असतो तो प्राथमिक. ब्रिटनच्या स्कीममध्ये प्रत्येक खुब्याच्या नऊ गोष्टींना मार्क देतात, एका खुब्याला ० ते ५३, दोन्ही मिळून १०६, आणि इथे मार्क जितके कमी तितकं चांगलं. हे माहीत नसलं की लोक स्कोअर १० ऐकून रडवेले होतात. तिसरी एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेची पद्धत, ए ते ई, ए म्हणजे उत्तम आणि ई म्हणजे गंभीर. या दोन्हींत किमान वय साधारण एक वर्ष धरतात, एफसीआयमध्ये अवाढव्य जातींना त्याहून जास्त. कुत्री माजावर असताना, गाभण असताना किंवा पिल्लं पाजत असताना सर्टिफिकेटचा फोटो काढू नये, हार्मोनमुळे सांधे सैल दिसू शकतात, ओएफए माजाच्या आधी-नंतर तीन-चार आठवडे सोडायला सांगते.

पिल्लू घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, फक्त आई-बापाचं सर्टिफिकेट पुरेसं नाही. डिस्प्लेसिया एका जीनचा खेळ नाही, अनेक जीन आणि त्यावर खाणं, वजन, वाढीचा वेग असं सगळं मिळून होतं, त्यामुळे चांगल्या खुब्याच्या जोडीलाही एखादं खराब खुब्याचं पिल्लू होऊ शकतं. आई-बापाची भावंडं, आधीच्या वेतातली पिल्लं, यांचे रिपोर्ट मागा. जो ब्रीडर ते न कुरकुरता दाखवतो तो काम मनापासून करतोय.

फोटो खराब आहे, पण दुखतंय कुठे?

माझ्या मते हा अख्ख्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फोटो आणि कुत्र्याचा त्रास यांचा सरळ संबंध नसतो. अतिशय वाईट खुबे असलेले कुत्रे मजेत पळताना दिसतात आणि फोटोत थोडासाच दोष असलेला एखादा सव्वा वर्षाचा कुत्रा वेदनेने उठतही नाही, कारण त्या वयात सैलपणामुळे पिशवी आणि लिगामेंट ताणून दुखतात आणि ते दुखणं फोटोत येत नाही.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची. समजा सहा-सात वर्षांची लॅब्रॅडोर आहे, अचानक मागचा एक पाय टेकवेनाशी झाली. खुब्याचा फोटो काढला, दोन्ही खुब्यांत आर्थ्रायटिस निघाला, निदान झालं, गोळ्या सुरू. महिना झाला तरी फरक नाही. अशा वेळी गुडघा तपासलाय का? कारण आर्थ्रायटिस वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो, तो एका रात्रीत एक पाय उचलायला लावत नाही सहसा. मोठ्या कुत्र्यात मागचा पाय अचानक लंगडायला लागला तर गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट तुटणं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि ज्याचे खुबे आधीच खराब आहेत त्याचंही ते तुटू शकतं. दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात असतात, फोटोत ठळक दिसते ती खुब्याची, आणि सगळे तिच्याच मागे लागतात. तसंच जर्मन शेफर्डसारख्या जातीत मागचे पाय ओढत चालणं, नखं घासली जाणं, हे पाठीच्या कण्याचं किंवा मज्जारज्जूचं दुखणं असू शकतं. खुबा दुखणारा कुत्रा पाय ओढून पंजा उलटा टेकवत नाही, तसं दिसलं तर नसांची तपासणी आधी करायला सांगा. कोवळ्या वयात पॅनऑस्टिआयटिस म्हणजे वाढीच्या काळात लांब हाडांना येणारी सूजही असते, ती आज या पायात उद्या त्या पायात अशी फिरते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते.

डिस्प्लेसिया नसलेले खुब्याचे आजार

छोट्या जातींत, टॉय आणि टेरिअरमध्ये, साधारण चार ते अकरा महिन्यांच्या वयात लेग-पर्थेस नावाचा आजार होतो, गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडतो आणि हाड आतून मरून खचत जातं. फोटोत गोळ्यात काळपट ठिपके, मग चपटेपणा दिसतो. अगदी सुरुवातीला फोटो जवळजवळ नॉर्मल असू शकतो, त्यामुळे छोटं कुत्रं एका पायाने लंगडतंय, खुबा हलवला की ओरडतंय आणि फोटो स्वच्छ आलाय, तर काही आठवड्यांनी परत काढा.

गाडीची धडक किंवा उंचावरून पडल्यावर खुबा निखळतो, गोळा बहुतेक वेळा वर आणि पुढे सरकतो आणि तो पाय आखूड दिसतो. इथे एक फोटो चालत नाही, उताणा आणि कुशीवरचा असे दोन लागतात, कारण गोळा कोणत्या दिशेला गेलाय ते एका फोटोवरून ठरत नाही. आणि बसवायच्या आधी खोबणीचा आकार आणि हाडाचा तुकडा निघालाय का हेही बघायचं असतं, आधीच डिस्प्लेसिया असलेला खुबा नुसता बसवला तर परत निघतो. धडकेनंतर छातीचा फोटोही काढतात, तो टाळू नका, फुप्फुसाला इजा असेल तर ती खुब्यापेक्षा आधी जिवावर येते.

वाढत्या पिल्लात मार लागल्यावर वाढीच्या प्लेटमधून गोळाच सुटू शकतो. गंमत वाटावी अशी नाही पण ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे पाय मागे ताणला की तो तुटलेला गोळा कधीकधी बरोबर जागेवर जाऊन बसतो आणि फोटो नॉर्मल दिसतो. मांड्या बाहेर फाकवून बेडकासारख्या ठेवून काढलेल्या फोटोत मात्र तो सरकलेला दिसतो. म्हणून पिल्लाला मार लागला असेल तर हा फोटो मागायचाच.

सीटी, एमआरआय, सोनोग्राफी

बहुतेक कुत्र्यांना याची गरज पडत नाही. सीटीमध्ये हाडांचे पातळ काप दिसतात, त्यामुळे कमरेच्या हाडाची गुंतागुंतीची फ्रॅक्चर्स, खोबणीच्या कडेचं नुकसान, ऑपरेशनचं प्लॅनिंग यासाठी ते उत्तम. एमआरआयमध्ये स्नायू, नसा, मज्जारज्जू, कूर्चा दिसतात, म्हणून 'खुबा का पाठ' हा घोळ सुटत नसेल तेव्हा पाठीचा एमआरआय करतात. सोनोग्राफीचा उपयोग सांध्यात पाणी झालंय का किंवा मांडीच्या आतून कमरेकडे जाणाऱ्या इलिओसोआस स्नायूला इजा झालीय का हे बघायला होतो, खेळाडू आणि पळापळीच्या कुत्र्यांमध्ये ती इजा बऱ्याचदा दिसते आणि तिचं दुखणं अगदी खुब्यासारखंच वाटतं. माणसांच्या बाळांचे खुबे सोनोग्राफीने तपासतात, कुत्र्यांच्या पिल्लांत ती पद्धत तशी रुळलेली नाही.

फोटोवरून पुढे काय बदलतं

वेळ हा इथे सगळ्यात मोठा मुद्दा आहे. पिल्लू साधारण १२ ते १८ आठवड्यांचं असताना सैलपणा कळला तर एक छोटी शस्त्रक्रिया असते, कमरेच्या हाडाचा खालचा जोड लवकर बंद करतात म्हणजे वाढताना खोबण गोळ्यावर जास्त झाकण धरते. पाच महिन्यांनंतर तिचा उपयोग फारसा उरत नाही. साधारण पाच ते दहा महिन्यांत, आणि झीज सुरू झालेली नसेल तरच, कमरेचं हाड कापून खोबण फिरवून बसवायचं ऑपरेशन करता येतं, आणि त्याआधी खोबणीच्या वरच्या कडेचा खास फोटो काढून ती कड शाबूत आहे का बघतात. एकदा आर्थ्रायटिस आला की हे दोन्ही रस्ते बंद, मग उरतं ते औषधं, वजन, व्यायाम, फिजिओ, आणि गरज पडली तर पूर्ण खुबा बदलणं किंवा गोळा काढून टाकणं. खुबा बदलायचा असेल तर फोटो काढताना खुब्याच्या उंचीवर ठराविक मापाचा धातूचा गोळा ठेवतात, कारण खुबा प्लेटपासून लांब असल्यामुळे फोटोत हाड मोठं दिसतं आणि त्या गोळ्यावरून इम्प्लांटचं खरं माप काढता येतं. म्हणूनच संशय असेल तर 'अजून लहान आहे, मोठा झाल्यावर बघू' असं करू नका. सगळ्या पिल्लांना ऑपरेशन लागत नाही, बहुतेकांना नाहीच लागत, पण निवड करायची वेळ तेवढीच असते.

आणि वजन. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडोरवर आयुष्यभराचा अभ्यास केला होता, एकाच वेतातल्या जोड्या केल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. सडपातळ गटाच्या आयुष्याचा मध्य १३ वर्षं निघाला आणि दुसऱ्यांचा ११.२, आणि खुब्यातला आर्थ्रायटिस एक्स-रेवर दिसायचं वय एका गटात साधारण ६ होतं तर सडपातळ गटात १२. एकाच आई-बापाची पिल्लं, फरक फक्त वाटीतल्या खाण्याचा. रिपोर्ट हातात आल्यावर पहिली गोष्ट कोणती करू असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, आजच कुत्र्याच्या बरगड्या हाताने चाचपा, हलक्या हाताला त्या लागत नसतील तर खाणं कमी करा, औषध सुरू व्हायची वाट बघू नका.

जायच्या आधी व्हेटनी सांगितलं असेल तितका वेळ उपाशी ठेवा, चालू औषधांची यादी न्या, आणि घरी काढलेला त्याचा चालतानाचा, उठतानाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा, कारण क्लिनिकमध्ये घाबरून बरेच कुत्रे लंगडणंच विसरतात. रेडिएशनची काळजी असेल तर कुत्र्याला त्या दोन-तीन फोटोंत मिळणारा डोस खूपच कमी असतो. येताना फोटोची मूळ डिजिटल फाइल, डायकॉम म्हणतात तिला, मागून घ्या, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो दुसरं मत घ्यायला पुरत नाही, त्यात मापं घेता येत नाहीत आणि मॉर्गन लाइनसारख्या बारीक गोष्टी पुसल्या जातात. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि त्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोटो काढला तर त्याच पोझिशनमध्ये काढायला सांगा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बघायला सांगा, मानेची जाडी वाढली का, कडेची कॉलर वाढली का, गोळा आणखी बाहेर गेला का. आणि कुत्रा बरा चालतोय, औषध कमी झालंय, वजन ताब्यात आहे, तर नुसतं बघायचं म्हणून दर सहा महिन्यांनी परत फोटो काढायची गरज नसते. त्रास बदलला, ऑपरेशनचा विचार सुरू झाला किंवा उपचार लागू पडेनासा झाला, की काढा.